नऊ सीटची गाडी

त्या वर्षी आम्ही भारतात जायचं नाही असं ठरवलं, आणि हे नागपूरला आईबाबांना कळवायला मला तीन पत्रं लागली. पहिल्या पत्रात मी नुसतं बर्फाबद्दल लिहिलं. दुसऱ्यात लेकीच्या शाळेबद्दल. तिसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, एअरोग्रामची घडी पडते त्या अरुंद पट्टीवर, लिहिलं, 'या उन्हाळ्यात आम्ही मित्रमंडळींबरोबर फ्रान्सला जातोय. तुमच्याकडे पुढच्या वर्षी नक्की.'

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहत होतो. माझा नवरा एका मोटार कंपनीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या डिझाइनचं काम करायचा. आमच्यासारख्यांना तेव्हा सुट्टी म्हणजे भारत. दोन वर्षांची रजा साठवायची, बॅगा भरायच्या आणि पाच आठवडे माझं माहेर नागपूर आणि सासर सातारा यांच्यात वाटून टाकायचे. दुसरीकडे कुठे फिरायला जाणं म्हणजे आईच्या ताटातलं काढून घेतल्यासारखं वाटायचं. तरी आम्ही हो म्हटलं, ते मॅडमसाठी.

मॅडम आणि काका आमच्याहून वीस वर्षांनी मोठे. काका गाड्यांच्या रंगांच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. त्यांचा एकुलता मुलगा सिअ‍ॅटलला नोकरीला लागलेला. मॅडमनी पुण्यात एका कॉलेजात अठरा वर्षं फ्रेंच शिकवलं होतं, म्हणून काकांसकट सगळं गावच त्यांना मॅडम म्हणायचं. ट्रॉयमध्ये मात्र त्यांच्या फ्रेंचची कुणालाच गरज पडली नाही. एकदोन शाळांत त्यांनी अर्ज केले, तिथून छापील पत्रं आली. गाडी शिकायचाही दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी फ्रीवेवर शिरताना त्यांनी डोळेच मिटून घेतले. तेव्हापासून काकांनी तो विषय काढला नाही. ट्रॉयमध्ये गाडी न चालवणारं माणूस म्हणजे घरातल्या घरात अडकलेलं माणूस. म्हणून दर गुरुवारी मी त्यांना घेऊन किराणा आणायला जायची.

त्या गाडीतल्या गप्पांत पॅरिस असायचं. माहेरी कुणी कुठे राहतं हे सांगावं तशा त्या सांगायच्या, की अमक्या पुलावरून पलीकडे गेलं की जुन्या पुस्तकांची दुकानं, तिथून उजवीकडे फुलांचा बाजार. वर्षभर मी समजत होते की त्या तिथे राहून आल्यात. एकदा सहज विचारलं, "किती वर्षं होतात तुम्ही?"

"कुठे?"

"पॅरिसला."

त्या हसल्या. "अगं, अठरा वर्षं मी मुलांना स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळायला शिकवलं. मी स्वतः त्या स्टेशनात कधी उतरलेच नाही."

मी सिग्नलकडे बघत राहिले. त्यांनीच मग पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढली आणि ती किती शिळी आहे ते दाखवत विषय बदलला.

जानेवारीतल्या एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. काका तसे कमी बोलणारे. मठ्ठा वाढता वाढता म्हणाले, "या उन्हाळ्यात हिला फ्रान्सला न्यायचंय. तुम्ही सगळे येता का?"

सगळे म्हणजे आम्ही तिघं आणि माझ्या नवऱ्याच्या कॉलेजातल्या मित्राचं कुटुंब. तो, त्याची बायको आणि नऊ वर्षांचे जुळे मुलगे. दर शनिवार-रविवार आम्ही कुणा ना कुणाच्या घरी एकत्र असायचो. मॅडमनी पानावरून मान वर केली आणि काकांकडे बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना त्या एका नजरेत कळलं. नवऱ्याचा मित्र तसा उतावळा. तोच आधी म्हणाला, "काका, आम्ही आलो. डन!" मग नाही म्हणायला जागाच उरली नाही. नऊ माणसं झाली.

तीन आठवडे ठरले, पॅरिस ठरलं, ल्वार नदीकाठचे राजवाडे आणि पुढे समुद्रापर्यंत जायचं ठरलं. अडलं ते गाडीपाशी.

मोटारींच्या गावात राहणारी माणसं ही. तीनही पुरुष गाड्यांवरच जगणारे. त्यामुळे प्रत्येकाला मत होतं, आणि प्रत्येक मत आकृती काढून सांगितलं जायचं. माझा नवरा म्हणायचा, तीन लहान गाड्या घ्या. गावांतले रस्ते अरुंद असतात, एक बिघडली तर दोन उरतात. मित्र म्हणायचा, दोन मध्यम, म्हणजे मुलं एकीत आणि शांतता दुसरीत. काका म्हणायचे, एकच मोठी व्हॅन. मॅडमचं काहीच म्हणणं नसायचं, पण व्हॅनचा विषय निघाला की त्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभ्या राहायच्या.

"तीन गाड्या हरवल्या तर एकमेकांना शोधणार कसं?" मी विचारलं.

"प्रत्येकाकडे नकाशा देऊ," नवरा म्हणाला.

"नकाशावर फ्रेंच. वाचणार कोण? मॅडम एकच आहेत. त्यांचे तीन तुकडे करणार का?"

यावर मित्राची बायको टाळ्या वाजवत म्हणाली, "करेक्ट! मॅडम ज्या गाडीत, त्या गाडीत सगळे." त्या रविवारी व्हॅन ठरली.

ट्रॅव्हल एजंटकडे व्हॅनची धड माहिती नव्हती. तेव्हा मॅडमनी स्वतःच पॅरिसमधल्या एका भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीला पत्र लिहिलं. फिकट निळ्या कागदावर, तिरक्या सुंदर अक्षरात. ते टाकायला मीच त्यांना पोस्टात घेऊन गेले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सोबत एक पुस्तिका. त्यांनी मला फोन केला, "लगेच ये." मी गेले तर पत्र टेबलावर उघडून ठेवलेलं. आधी त्यांनी ते सबंध फ्रेंचमध्ये वाचलं. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण मी थांबवलं नाही. त्यांचा आवाजच वेगळा लागत होता, जरा वरच्या पट्टीतला, तरुण. मग मराठीत सांगितलं. गाडी नऊ सीटची मिळेल. त्याहून मोठी हवी असेल तर चालवणाऱ्याला वेगळं लायसन्स लागेल. टपावर सामानासाठी कॅरिअर लावून मिळेल. आणि गिअर हाताने बदलायचे. एवढ्या मोठ्या गाडीत ऑटोमॅटिक मिळणार नाही.

संध्याकाळी सगळे जमल्यावर काका पत्र चाळत म्हणाले, "बघा, सुरुवातीलाच 'मादाम' लिहिलंय. तिकडेही हिची सुटका नाही."

पण गिअर हाताने बदलायचे, यापाशी पुरुषमंडळी अडली. माझा नवरा अमेरिकेत येऊन गाडी शिकलेला, तीही ऑटोमॅटिक. मित्राचंही तेच. क्लच कसा काम करतो हे दोघंही फळ्यावर तासभर समजावू शकले असते. पायाने तो कधी दाबलेला नव्हता.

"मी पुण्यात चालवायचो," काका म्हणाले. "पण आता एकट्याच्याने तीन आठवडे व्हायचं नाही."

"मला येते," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानेसुद्धा. त्याला माहीत होतं, पण तो विसरला होता.

माझे बाबा पाटबंधारे खात्यात होते. माझं लहानपण धरणांच्या कामावरच्या वसाहतींत गेलं. सरकारी जीप दिवसभर दाराशी उभी असायची. मी एकोणीस वर्षांची असताना, एका सुट्टीत, बाबांनी मला धरणाच्या मातीच्या भिंतीवर ती चालवायला शिकवली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार. "खाली बघायचं नाही, जिथे जायचंय तिथे बघायचं," एवढीच त्यांची शिकवणी. आई घरी देवापाशी बसून राहायची. आईबाबांना मी एकटीच. मुलगा असता तर त्यांनी त्याला जे जे शिकवलं असतं, ते ते सगळं त्यांनी मला शिकवलं. लग्नानंतर त्यातलं बरंचसं मी कधी वापरलं नव्हतं.

"मग ठरलं," काका म्हणाले. "अर्धा दिवस मी, अर्धा दिवस ही."

त्या संध्याकाळी घरी परतताना मला उगाच उंच झाल्यासारखं वाटत होतं.

पुढे सामानाचा प्रश्न निघाला. नऊ माणसांची गाडी म्हणजे नऊ माणसांचीच, बॅगांना जागा कुठे? नवऱ्याचा मित्र कागदावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवणारा नव्हता. मार्चमधल्या एका शनिवारी तो मेजरिंग टेप आणि मास्किंग टेपचं रीळ घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये उतरला. पुस्तिकेत गाडीची मापं मीटरमध्ये होती. मॅडम वाचून सांगत होत्या आणि तो फरशीवर गुडघे टेकून चिकटपट्टी लावत होता. अर्ध्या तासात व्हॅन तयार झाली. मग आम्ही घरातल्या सगळ्या खुर्च्या खाली आणल्या, तीन ओळींत मांडल्या, मागे आमच्या आणि त्यांच्या सुटकेसेस रचल्या.

"बसा," तो म्हणाला. "टेस्ट केल्याशिवाय प्रॉडक्शन नाही."

काका चालकाच्या जागी बसले. पण मॅडम म्हणाल्या, "आता दुपार झाली आहे, दुपारची पाळी हिची." म्हणून काका उठले आणि मी बसले. हातात स्टीलची थाळी धरली. शेजारी मॅडम, मांडीवर नकाशा. माझी लेक अकरा वर्षांची. तिला मधली जागा मिळाली होती. "आय अ‍ॅम नॉट सिटिंग बिट्वीन द ट्विन्स फॉर थ्री वीक्स," तिने जाहीर केलं. जुळ्यांपैकी एकजण मागून ओरडला, "आँटी, ही पिंच करतेय!" मित्राची बायको चिवड्याचा डबा पुढे पाठवत होती. नवरा मागच्या ओळीत गुडघे छातीशी घेऊन बसला होता आणि सांगत होता की या सीटखाली आणखी चार इंच काढता येतील.

"पुढच्या चौकात डावीकडे," मॅडम म्हणाल्या. मी थाळी डावीकडे फिरवली. "आता नदी दिसेल. सगळ्यांनी उजवीकडे बघा."

आणि खरं सांगते, आम्ही सगळ्यांनी उजवीकडे बघितलं. तिथे वॉशिंग मशीन होतं. मॅडम एकेक गाव सांगत होत्या, कुठल्या गावात कुठल्या राणीचा वाडा, कुठे थांबून पाव घ्यायचा. तास-सव्वातास आम्ही तसे बसलो होतो. बाहेर अंगणात मार्चचा काळपट बर्फ होता. वरती भात लावायची वेळ उलटून गेली होती, तरी कुणाला उठावंसं वाटत नव्हतं.

एप्रिलमध्ये मित्राच्या कंपनीत कपात झाली आणि त्याचा पूर्ण विभागच बंद झाला. तीन आठवड्यांत त्याला टेक्ससमध्ये, डॅलसजवळ अर्विंगला नोकरी मिळाली. चांगली मिळाली, पण ताबडतोब हजर व्हायचं होतं आणि पहिलं वर्षभर रजा नव्हती. सुरुवातीला तो फोनवर म्हणायचा, "काहीतरी जमवतो यार, मी डॅलसहून डायरेक्ट येतो." त्याच्या बायकोने मात्र निघण्याआधीच्या दिवशी, आमच्या ओट्यापाशी उभं राहून, मला हळूच सांगितलं, "तो येणार नाही गं. त्याला तोंडाने नाही म्हणवत नाही, एवढंच." आम्ही दोघी रडलो. सहा वर्षांत मी तिच्यावाचून एकही दिवाळी केली नव्हती.

आम्ही पाचजण उरलो. पाचजणांना नऊ सीटची गाडी कशाला, असं नवरा म्हणाला ते बरोबरच होतं. मॅडमनी आणखी दोन आठवडे पत्र लिहिलं नाही. मग लिहिलं. मोठी डिकी असलेली पाच सीटची गाडी ठरली. तीही हाताने गिअर बदलायची.

"तसा तिसरा चालक हवाच असं काही नाही," मी नवऱ्याला म्हटलं. "पण तुम्ही शिकून तर घ्या."

आमच्या शेजारी एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ होते. त्यांच्याकडे जुना पिकअप ट्रक होता, स्टिक शिफ्टचा, म्हणजे हाताने गिअर बदलायचा. ते दर रविवारी सकाळी तो आम्हाला द्यायचे आणि चर्चला चालत जायचे. आम्ही शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जायचो. आयुष्यभर गिअरबॉक्सच्या आकृत्या काढणारा माझा नवरा पहिल्या रविवारी चौदा वेळा गाडी बंद पाडून बसला.

"अहो, क्लच! हळू सोडा."

"हळूच सोडतोय."

"तुम्ही तो सोडत नाही, टाकून देताय."

"त्याचा एन्गेजमेंट पॉइंट फार वर आहे. डिझाइनच चुकीचं आहे."

"डिझाइन राहू द्या. पाय कुठे आहे ते सांगा."

मागे बसलेली लेक पोट धरून हसत होती. तो चिडला, उतरला, गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि पुन्हा बसला. तिसऱ्या रविवारी त्याने ट्रक सरळ रेषेत नेला, दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे नाही, जिथे जायचंय तिथे बघा." हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला एकदम बाबांची इतकी आठवण आली, की मी खिडकीची काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून बसले.

व्हिसा झाले, तिकिटं आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी चहाच्या वेळी, नागपूरहून फोन आला. आईबाबांच्या घरी तेव्हा फोन नव्हता. आई शेजाऱ्यांकडून बोलत होती. न्हाणीघरात पाय घसरून बाबा पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन ठरलं होतं. "तू येऊ नकोस," आई ओरडून सांगत होती, कारण तिला वाटायचं की अमेरिका लांब आहे म्हणून मोठ्याने बोलावं लागतं. "तुझं फिरायचं ठरलंय ना, तू जा. मी बघते सगळं." तिला दम्याचा त्रास. जिना चढताना दोनदा थांबायची. ती बाबांना उठवणार कशी आणि बसवणार कशी?

मी फोन ठेवला. मी काय करणार हे नवऱ्याला माहीत होतं.

मॅडमना सांगायला गेले ते काळजावर दगड ठेवूनच. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाल्या, "आपण सगळंच कॅन्सल करू. पुढच्या वर्षी जाऊ, सगळे मिळून."

निवृत्तीला टेकलेले काका खुर्चीत बसले होते. त्यांच्याकडे बघून मला कळलं की पुढचं वर्ष म्हणजे काय हे त्यांना आमच्याहून जास्त माहीत आहे. तेव्हा माझा नवरा म्हणाला, "का कॅन्सल? मी येतो ना. मला चालवता येते आता."

मी त्याच्याकडे बघत राहिले. बायको नाही, मुलगी नाही, दोन वयस्क माणसांना घेऊन, पूर्वी कधी न बघितलेल्या देशात, नुकतीच शिकलेली गाडी. बारा वर्षांच्या संसारात त्याचा मला इतका अभिमान वाटलेला दुसरा प्रसंग आठवत नाही. आणि त्याच क्षणी त्याचा हेवाही वाटला, हेही खरं. ती माझी दुपारची पाळी होती.

लेकीला घेऊन मी नागपूरला गेले. जूनचं नागपूर. दवाखान्यात बाबांच्या खाटेशेजारी कूलर घरघरत होता. ऑपरेशन नीट झालं, पण सहा आठवडे खाटेवर. मी त्यांना भरवायची, कूस बदलून द्यायची, पेपर वाचून दाखवायची. दुपारी ते झोपले की मी मनातल्या मनात हिशेब करायची. आज मंगळवार, म्हणजे आज ते पॅरिसमधून निघाले असतील. आज पहिला राजवाडा. तिकडे आता सकाळ आहे, काका चालवत असतील.

मला एक गोष्ट तिथे कळली, आणि ती मी आईला कधी सांगितली नाही. इतकी वर्षं ट्रॉयमध्ये मी नागपूरसाठी झुरले होते. आता नागपुरात, माझ्या आईबाबांजवळ, माझ्या लहानपणच्या वासांत बसून मला ट्रॉय आठवत होतं. तिथली माणसं आठवत होती. मॅडमचा 'लगेच ये' म्हणणारा फोन आठवत होता. जिथे जावं तिथून मन दुसरीकडे धावतं, आणि यापुढे हे असंच राहणार, हे मला त्या कूलरच्या आवाजात स्पष्ट समजलं.

माझ्या लेकीनेच एकदा बोलता बोलता सगळं फोडलं. आजोबांना ती तिच्या मोडक्या मराठीत सांगत होती, "आई तिकडे ड्राइव्ह करणार होती. स्टिक शिफ्ट. बिग कार."

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "तू चालवणार होतीस? फ्रान्समध्ये?"

"अर्धा दिवस," मी म्हटलं.

"मला तू नुसतं फिरायला जातेय म्हणून लिहिलं होतंस."

त्यांचे डोळे भरून आले. पडल्यापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच बघत होते. "त्या न्हाणीघरातली शेवाळ घासायला मी आठ दिवस टाळाटाळ केली," ते म्हणाले. "तुझी आई रोज सांगत होती."

"बाबा, असू द्या हो."

"कशी होती गाडी? पेट्रोल की डिझेल?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. टपावरचं कॅरिअर, गिअर, रस्ते, गावं. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. घाट आहेत का, रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालवायचं, रिव्हर्स गिअर कुठे असतो. दोन दुपारी त्यात गेल्या. जुलैच्या शेवटी ते काठी धरून दारापर्यंत चालले, आणि मी परत निघाले.

काका-मॅडम आमच्याही आधी परत आले होते. पोचल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी जेवायला बोलावलं. फोटो होते, पावाचा एक वाळका तुकडाही मॅडमनी माझ्यासाठी रुमालात बांधून आणला होता. पण मला गाडीचं ऐकायचं होतं. ते काकांनी सांगितलं.

"पॅरिसला गाडी घ्यायला गेलो. काउंटरवर एक पोरगी. ही पुढे झाली आणि बोलायला लागली, रात्रभर पाठ केल्यासारखं सुंदर. त्या पोरीने ऐकलं आणि इंग्लिशमध्ये उत्तर दिलं."

मॅडम खाली बघत पोळीला तूप लावत होत्या.

"हिचा चेहरा असा पडला, की मला तिथेच परत फिरावंसं वाटलं. हिने पुन्हा फ्रेंचमध्ये विचारलं, ती पुन्हा इंग्लिशमध्ये. मग तुझा नवरा पुढे झाला. त्याने त्या पोरीला सांगितलं, एक्स्क्यूज मी, आम्हाला दोघांना इंग्लिश कळत नाही. तुम्ही या बाईंशी फ्रेंचमध्येच बोला, त्या आम्हाला ट्रान्सलेट करतील."

"इंग्लिशमध्ये सांगितलं?" मी विचारलं.

"इंग्लिशमध्ये!" काका म्हणाले, आणि त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. "पोरगी हुशार होती. हसली आणि फ्रेंचमध्ये बोलायला लागली. हळूहळू, एकेक शब्द. अर्धा तास बोलल्या दोघी. मागे रांग लागली होती. किल्ली देताना ती हिला म्हणाली..."

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या.

"म्हणाली, तुमचं फ्रेंच माझ्या आजीसारखं आहे."

नवरा भातात आमटी कालवत होता. घरी त्याने यातलं मला काहीच सांगितलं नव्हतं. एवढंच सांगितलं होतं की गाडी चढावर दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मागच्या माणसाने हॉर्न वाजवला नाही.

पुढल्या वर्षीच्या शरदात काका निवृत्त झाले आणि ते दोघं मुलाकडे सिअ‍ॅटलला जायला निघाले. त्या आधीच्या वर्षभरात माझ्या लेकीने शाळेत फ्रेंच घेतलं होतं. मॅडम आमच्याकडे येऊन तिला शिकवायच्या. बंद दारामागून दोघींचे आवाज यायचे. माझ्याशी मराठीत चार शब्द बोलायला कुरकुरणारी माझी पोर त्यांच्याबरोबर तिसऱ्याच भाषेत खळाळून हसायची. मी दारापाशी चहाचा ट्रे घेऊन उभी राहायची. लगेच दार ठोठावावंसं वाटायचं नाही.

विमानतळावर मीच सोडलं त्यांना. काका बॅगा घेऊन पुढे गेले. मॅडमनी पट्टा सोडला, पण त्या उतरल्या नाहीत.

"तुला एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "तिथे दुपार झाली की यांच्या हातून किल्ली तुझ्या नवऱ्याकडे जायची. रोज. आणि रोज मला वाटायचं, ही असती तर बरं झालं असतं. त्याने फार जपून नेलं गं आम्हाला, मुलासारखं. पण मी नकाशा वाचायची तो तुला."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. त्या उतरल्या आणि वळून न बघता आत गेल्या.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं काठी घेऊन हिंडले. अर्विंगहून दर दिवाळीला फोन येतो. मित्र म्हणतो, यार, एकदा सगळे भेटू या. नवऱ्याने मला दोनदा विचारलं, "आपण जायचं का फ्रान्सला? आपल्या दोघांना छोटी गाडी पुरेल. तू चालव सगळी, मी शेजारी बसतो." दोन्ही वेळा मी बघू म्हटलं. तो समजूतदार आहे, त्याने पुढे विचारलं नाही. मला तो देश बघायचा नाही असं नाही. पण मी ज्या प्रवासाला निघाले होते त्यात माझ्या उजव्या हाताला मॅडम होत्या, मागे चिवड्याचा डबा फिरत होता आणि माझी लेक अकरा वर्षांची होती. त्या गावांत दोघांनी उतरायचं म्हणजे प्रत्येक ठिकाणी इतर कोण कोण आलेलं नाही हे मोजत बसायचं. तेवढं बळ मला अजून आलेलं नाही.